उजव्या बटणाचं दुखणं

बोलतोय तो मी, माउस. शेपटीवाला. हल्लीच्या बिनशेपटीच्यांत मला धरू नका, त्यांना दर चार दिवसांनी चार्जिंगला लावावं लागतं. माझी शेपटी खोचली की मी जागा, उपटली की झोपलो. दोन बटणं, मध्ये एक चाक, पोटाखाली लाल दिवा. एवढ्यात माझा सगळा संसार आला.

मला शाळा नाही. म्हणजे एक सत्र एका शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत काढलं, पण तिथं पोरांनी माझ्या पोटावर कागद चिकटवायचा उद्योग सोडून काही केलं नाही, आणि मीही काही शिकलो नाही. त्यामुळे माझं बोलणं आडमुठं वाटेल. वाटू दे. घडलं ते सांगतो, आणि चूक माझी होती हेही सांगतो. बाकीची यंत्रं सांगत नाहीत.

जन्म कारखान्यातला. एका बाईनं माझ्या पाठीचं कवच दाबून बसवलं, दोन्ही बटणं दोन-दोनदा टकटकवली, ‘चालतंय’ म्हणाली आणि पुढच्याला हातात घेतलं. बारसं म्हणा, कौतुक म्हणा, तेवढंच.

शाळेनंतर मी घरांचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत गेलो. तिथला साहेब मोठा हुशार, पण त्याला एक खोड होती. विचार करताना काहीतरी दाबून धरल्याशिवाय त्याला सुचायचं नाही. काम सगळं डाव्या बटणाचं. उजवं बिचारं बसून. मग साहेब जिना कुठून न्यावा या विचारात उजवं बटण दाबून बसायचा. पाव तास, अर्धा तास. न्हाणीघराचा दरवाजा ठरेपर्यंत माझा जीव कंठाशी. सहा वर्षांत माझ्या उजव्या बटणाखालच्या पत्तीची ताकद गेली. नुसतं टक केलं तर ठणठणीत लागायची. पण दाबून धरलं की मधेच डोळा लवावा तेवढा वेळ सुटायची आणि पुन्हा लागायची. वरून बोटाला काही कळायचं नाही. आणि उजव्या बटणाचं काम कुणालाच नसल्यामुळे हे दुखणं कुणाला दिसलंही नाही. दुखणं अंगावर काढणं म्हणतात ते हेच.

साहेब निवृत्त झाला तेव्हा मी शेजारच्या टेबलावर गेलो, ताईच्या. ताई तिथं नकाशे काढायची आणि मधल्या सुट्टीत खेळ बनवायची. कॉम्प्युटरवरचे खेळ. चार वर्षांनी तिनं नोकरी सोडली, तेव्हा कपाटातला आपला कप घेतला, भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं आणि माझी शेपटी गुंडाळून मला पिशवीत टाकलं.

“तो कशाला नेतेस?” कुणीतरी विचारलं.

“हाताला बसलाय,” ताई म्हणाली.

मी काही हळवा नाही. पण हे वाक्य मी विसरलो नाही.

नवी जागा म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. दोन टेबलं, एक खिडकी, खालून दिवसभर पंपाचा फुसफुस आवाज. एका टेबलावर ताई आणि मी. दुसऱ्यावर तिचा धाकटा भाऊ. वय तिशीच्या पुढं, उंची दाराच्या चौकटीएवढी, तरी ताई त्याला बारक्याच म्हणायची. बारक्या खेळातली चित्रं काढायचा, तेही एका सपाट पाटीवर पेनानं. माउसला त्यानं कधी हात लावला नाही. ‘साबणाच्या वडीनं चित्र काढल्यासारखं वाटतं’ म्हणायचा. साबणाची वडी म्हणजे मी.

खेळ ताईच्या डोक्यातला होता. एका पुलावर एक म्हातारी राहते. पलीकडून पत्र्याचे कावळे येतात, दगड टाकतात, पूल मोडायला बघतात. म्हातारीच्या हातात एक गलोल, आणि ढाल म्हणून पातेल्याचं झाकण. बस. डाव्या हातानं कळफलकावरून म्हातारीला चालवायचं आणि उजवा हात माझ्यावर. नेम मी धरायचा, ढालही मीच धरायची.

आधी नेमाचं झालं. ताईनं पहिल्यांदा खऱ्या गलोलीसारखं केलं होतं. माउस मागं ओढायचा आणि दगड पुढं जायचा. बारक्यानं खालच्या सायकलवाल्याला बोलावून बसवलं. त्यानं कावळ्याकडं मला नेलं, डावं बटण दाबलं आणि म्हातारीनं स्वतःच्याच मागच्या झाडाला दगड हाणला. दहादा तेच झालं.

“म्हातारीचं झाडाशी काय वैर आहे?” सायकलवाला म्हणाला.

ताईनं ते त्याच दिवशी काढून टाकलं. माणसाला जिकडं मारायचं तिकडं बोट दाखवायचं असतं, उलटीकडं नाही. म्हणून तिनं असं केलं, की मी जिकडं जाईन तिकडं एक छोटं रिंगण जायचं. डावं बटण दाबून धरलं की गलोल ताणली जायची, सोडलं की दगड सुटायचा. आणि एक बारकी गोष्ट तिनं अशी केली, की गलोल ताणलेली असताना रिंगण जरा हळू सरकायचं, म्हणजे नेम धरताना हात हलला तरी रिंगण भरकटत नसे. कुणाला ते कळलं नाही, पण सगळे म्हणायला लागले की आपला नेम सुधारला. मीही मनात म्हटलं, पोरगी डोक्यानं बरी आहे.

मग ढालीकडं वळली, आणि माझं पितळ उघडं पडायची वेळ आली.

ताईनं सरळ विचार केला होता. उजवं बटण दाबून धरलं की झाकण वर, सोडलं की खाली. झाकणाचं तोंड रिंगणाकडं. लिहून झालं, तिनं उजवं बटण दाबून धरलं, आणि झाकण फडफडायला लागलं. वर, खाली, वर, खाली. अर्थात माझ्यामुळं. पण तिला ते कसं कळणार? तिला वाटलं आपल्याच लिहिण्यात खोट आहे. चार दिवस ती ओळ न् ओळ उसवत बसली. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तसलाच प्रकार. मी हाताखाली निमूट बसून होतो. तोंड असतं तरी बोललो असतो का, देव जाणे. ज्याला बाद ठरवलं जातं तो टोपलीत जातो, हे मी शाळेत पाहिलं होतं.

पाचव्या दिवशी तिनं वाट बदलली. एकदा टक केलं की झाकण वर, पुन्हा टक केलं की खाली. टक मला जमत होतं. फडफड थांबली. ताईनं सुस्कारा सोडला आणि पुढं गेली. दोन वर्षं तिनं खेळ तसाच बनवला, तसाच खेळला, आणि तिच्या बोटांना ती टकटक इतकी मुरली की दुसरं काही असू शकतं हे ती विसरून गेली. आजारी माझं बटण होतं, आणि पथ्य अख्खा खेळ पाळत होता.

खेळ पुरा होत आला तेव्हा बारक्या म्हणाला, “आता परक्या माणसांना खेळू देऊ. पाच माणसं. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. सांगून कळला तर तो खेळ नाही, शिकवणी झाली.”

शनिवार ठरला. बारक्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या शेपटीला दोन ठिकाणी चिकटपट्टी.

“पाहुण्यांसमोर हा ठेवणार?” म्हणाला, आणि शेजारच्या खोलीतून एक कोरा करकरीत माउस उसना आणला. मला ताईच्या टेबलावर बाजूला सारलं. तिथून सगळं दिसत होतं.

पहिली आली ती दवाखान्यातली नर्स. गलोल तिला चुटकीसरशी जमली. दाबलं, धरलं, सोडलं, कावळा आडवा. मग वरून दगड आला. तिनं उजवं बटण दाबून धरलं, झाकण वर आलं, दगड अडला, ती हसली. तिनं बटण सोडलं. झाकण वरच. गलोल ताणायला गेली, तर ढाल वर असताना म्हातारी गलोलीला हात लावायची नाही. नर्सनं पुन्हा उजवं दाबलं तेव्हा झाकण खाली गेलं, आणि नेमका तेव्हाच दगड आला. म्हातारी पाण्यात.

पाचही जणांचं तेच. डावं बटण धरून सोडायचं असतं, मग उजवंही तसंच असणार, असं त्यांचा हात म्हणत होता. शेवटच्या माणसानं माउस बाजूला ठेवला आणि विचारलं, “म्हातारीचा हात आखडलाय का हो? झाकण खालीच ठेवीना.”

ताईनं नुसता माउस परत जागेवर ठेवला. ठरलंच होतं न बोलायचं.

सगळे गेल्यावर बारक्यानं खुर्ची फिरवली. “ताई, ढाल काढू.”

“काय?”

“नुसती गलोल ठेवू. गलोल सगळ्यांना आवडली. ढाल आली की खेळ अडतो.”

“अरे, ढाल काढली तर उरतं काय? कावळे मारायचे खेळ पन्नास आहेत. ही पूल राखणारी बाई आहे.”

“राखत कुठं आहे? पाचदा पाण्यात पडली.”

“तुला झाकणाची चित्रं काढायचा कंटाळा आलाय.”

“आलाच आहे. चाळीस काढलीत. तरी पण ते कारण नाही, हे तुलाही माहितीय.”

शेवटी बारक्याच नमला, अर्धा. “पुढचा शनिवार. नवी पाच माणसं. पाचांतल्या चौघांना न सांगता ढाल जमली तर राहील. नाहीतर मी माझ्या हातानं चित्रं काढून टाकीन, आणि तू रुसायचं नाही.”

“नाही रुसणार,” ताई म्हणाली. आवाजावरून मला तसं वाटलं नाही.

तिनं त्या आठवड्यात काय काय केलं नाही. पडद्यावर पाटी लावली, ‘एकदा दाबा, पुन्हा दाबा’. बारक्या म्हणाला, पाटी म्हणजे सांगणंच झालं. पाटी गेली. झाकणाला लाल कड दिली, वर असताना घंटा वाजवली. घंटेनं तर सायकलवाला वर येऊन विचारून गेला की कुणी बोलावतंय का. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आणि मी तिच्या तळहाताखाली, सगळं ठाऊक असून गप्प. एवढी लाज मला शाळेत कागद चिकटवला तेव्हाही वाटली नव्हती.

बुधवारी त्यांचा मामा आला. मामा वेल्डर. खिडकीचा एक गज सुटला होता तो जोडायला आला होता. गड्यानं एका हातात तो काळ्या काचेचा मुखवटा तोंडासमोर धरला, दुसऱ्या हातानं ठिणग्या उडवल्या आणि दहा मिनिटांत गज बसवला. मग चहा घेत ताईच्या खुर्चीत टेकला.

“हे काय चाललंय तुमचं? बघू तरी.”

“खेळा ना मामा. उजव्या बटणानं ढाल,” ताई म्हणाली. मामाला सांगायला काही अडचण नव्हती.

मामानं मला हातात घेतलं. हात कसला, फावडंच. उजवं बटण दाबलं ते असं दाबून धरलं, की मला थेट नकाशेवाला साहेब आठवला. माझी पत्ती सुटली, लागली, सुटली, लागली. झाकण वर, खाली, वर, खाली.

“ही बाई झाकणानं वारा घेतेय का?” मामा म्हणाला.

बारक्या फिदीफिदी हसला. ताई म्हणाली, “मामा, धरून ठेवू नका. टक करून सोडा.”

“सोडून कसं चालेल गं? ढाल आहे ना ती? आता मी मुखवटा धरला होता, बघितलास? ठिणगी उडतेय तोवर हात वर. हात सोडला की खाली. मुखवटा हवेत लटकत ठेवून मी चहा प्यायला आलो असतो का?”

“तुमचं बरोबर आहे, पण...” ताई बोलता बोलता थांबली. ती पडद्याकडं बघत होती. “मामा, तुम्ही बटण किती वेळा दाबलंत?”

“एकदाच. अजून दाबलेलंच आहे.”

“मग झाकण चारदा कसं हललं?”

मी मनात म्हटलं, आलं आता. भोग.

ताईनं मामाला चहासकट दुसऱ्या खुर्चीत बसवलं आणि पाच-सहा ओळी लिहिल्या. बटण लागलं की पडद्यावर एक ठिपका. उसना माउस जोडला, उजवं बटण दाबून धरून दहा आकडे मोजले. एक ठिपका. मला जोडलं, दहा आकडे मोजले. नऊ ठिपके.

ती खुर्चीत मागं टेकली. “बारक्या, ते चार दिवस आठवतात तुला? झाकण फडफडत होतं ते?”

“तू जेवतही नव्हतीस तेव्हा.”

“माझं लिहिणं बरोबर होतं रे. हा आजारी होता. मी दोन वर्षं याच्या दुखण्याला धरून खेळ बेतला.”

बारक्यानं माझ्याकडं पाहिलं, ताईकडं पाहिलं. “म्हणजे चपलेत खडा होता आणि आपण रस्ता बदलला.”

“वर सगळ्यांना म्हणत होतो, लंगडत चाला,” ताई म्हणाली, आणि हसायला लागली. मामाला काही कळलं नाही, पण तोही हसला.

जुनी रीत परत लिहायला तिला तास लागला नाही. दाबून धरा, झाकण वर. सोडा, खाली. एकच प्रश्न उरला. दोन्ही बटणं एकदम दाबली तर काय करायचं?

“दोन्ही होऊ दे की,” मामा म्हणाला. “माझे दोन्ही हात एकदम चालतात.”

“गलोलीलाच दोन हात लागतात, मामा,” बारक्या म्हणाला. “झाकण काय दातात धरेल?”

ताईनं विचार केला. उजवं धरलेलं असताना डावं दाबलं, तर झाकण तेवढ्यापुरतं काखेत. दगड सुटला की आपोआप परत वर. गलोल ताणली तेवढा वेळ म्हातारी उघडी. “तेवढीच भीती,” ती म्हणाली. “तिथंच तर मजा आहे.” बारक्यानं काखेतल्या झाकणाचं चित्र काढलं. एक्केचाळिसावं. कुरकुर न करता.

शनिवारी नवी पाच माणसं आली. मी पुन्हा बाजूला. पहिला बसचा ड्रायव्हर. दगड आला, त्यानं उजवं दाबलं, झाकण वर. सोडलं, खाली. त्यानं मान वर करून कुणाला काही विचारलंही नाही. तिसऱ्या कावळ्याला तर त्यानं ढालीआडून गलोल काढली, दगड सोडला आणि ढाल परत वर. त्याच्यामागून एक शिंपीण, मग एक शिक्षक, मग खालच्या सायकलवाल्याची बायको. ती तर सबंध पूल राखून उठली आणि जाताना जिन्यात नवऱ्याला म्हणाली, “तुम्हाला झाडच सापडलं होतं ना?”

चौघांना जमलं. ढाल राहिली. बारक्यानं टेबलाखालून ताईच्या पायाला पाय लावला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं चष्मा पुसायच्या निमित्तानं पुसलं.

पण पाचवी एक काकू होती, निवृत्त टायपिस्ट. तिला कळलं सगळं, जमेना. बोटांचे सांधे धरलेले. झाकण वर जायचं आणि मधेच पडायचं. माझ्यासारखंच अगदी. तिसऱ्यांदा म्हातारी पाण्यात पडली तेव्हा काकूनं हात मांडीवर घेतले.

“मला धरून ठेवता येत नाही गं. बोट सुटतं आणि मला कळतही नाही. टक टक किती का असेना, चाळीस वर्षं तेच केलंय.”

बारक्या बोटं मोजत म्हणाला, “चार झाले, ताई. शर्त जिंकलीस.”

“थांब रे,” ताई म्हणाली. तिनं काकूच्या शेजारी स्टूल ओढलं आणि तिथल्या तिथं खेळात एक निवड घातली. ज्याला धरायचंय त्यानं धरावं, ज्याला टक करायचंय त्यानं टक करावं, गलोलीलाही तसंच. आपली दोन वर्षांची रीत तिनं फेकली नव्हतीच, नुसती गुंडाळून ठेवली होती. काकूनं टक केलं, आणि पहिल्याच खेपेला सात कावळे पाडले.

मग ताईचं डोकं आणखी पुढं गेलं. ज्याला टक नको, धरायचंच आहे, पण बोट निसटतं, त्याचं काय? तिनं असं केलं, की डोळा लवण्याएवढा वेळ बटण सुटलं आणि परत लागलं, तर खेळानं ते सुटणं मानायचंच नाही. झाकण वरच ठेवायचं. हे बरोबर बसलंय का ते तपासायला एक असा माउस हवा होता, जो धरलेलं सोडतो. उसन्याला ते येईना. तो बिचारा धडधाकट.

ताईनं टेबलावर मला शोधलं.

तेव्हापासून माझी कामगिरी तीच आहे. खेळात काही नवं घातलं की ते आधी माझ्याखालून जातं. माझ्यावर झाकण टिकलं तर कुणाच्याही हातात टिकेल, असा इथं हिशोब आहे. ताईनं स्वतःसाठी नवा माउस घेतला, कामापुरता बरा आहे. बोलत नाही फारसा. मला मात्र खिडकीजवळ जागा आहे, मामानं जोडलेल्या गजापाशी, आणि दर सोमवारी कोरड्या फडक्यानं पोट पुसलं जातं.

माझं दुखणं दुरुस्त करू का, असं बारक्यानं एकदा विचारलं होतं. पत्ती मिळते म्हणे. ताई म्हणाली, नको, तो बरा झाला तर आपण पंचाईतीत येऊ.

तुम्हाला सांगायचं एवढंच. कामात काही अडलं आणि चार दिवस सुटलं नाही, तर डोकं धरून बसण्याआधी हातातली वस्तू एकदा बदलून बघा. आमच्यातले पुष्कळ जण बोलत नाहीत. मीही दोन वर्षं गप्प होतो.

आणि आता पुरे करतो. गुरुवार आहे. काकू येते गुरुवारी, आणि ती नवा माउस घेत नाही, मलाच मागते. तिनं अलीकडं टक टक सोडून धरून बघायला सुरुवात केलीय, हट्टी आहे. जिन्यात तिचीच पावलं वाजतायत. मधेच तिचं बोट सुटेल, मधेच माझी पत्ती सुटेल, आणि झाकण वरच राहील.